‘माझ्यातच काही उणे असेल’ : न्यायाविषयीची समजूत आणि आपली मुले

स्मरणिकेतील लेख सहसा कृतज्ञतेचा आणि अभिमानाचा असतो, आणि तसा तो असावाही. या शाळेच्या वसतिगृहात राहून शिकलेली मुले-मुली आज रेल्वेत, बँकांत, रुग्णालयांत, न्यायालयांत काम करीत आहेत. त्यांचे आईवडील उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत शिलाईकाम करणारे, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम करणारे, बदलापूरच्या नाक्यावर सकाळी काम शोधत उभे राहणारे होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या वाटचालीचे मोल सांगावे लागत नाही. तो अभिमान मलाही आहे. तथापि अठ्ठावीस वर्षे इतिहास शिकविल्यानंतर एका प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला अजून देता आलेले नाही. तो प्रश्न माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी एक माजी विद्यार्थिनी बदलापूर स्थानकाच्या पुलावर भेटली. वाणिज्य शाखेची पदवी चांगल्या गुणांनी मिळविलेली, संगणकाचे शिक्षण घेतलेली, वर्गात कधी कुणापुढे मान न झुकविलेली मुलगी. एका खासगी कार्यालयातील मुलाखतीहून ती परतत होती. ही तिची तिसरी मुलाखत. तिन्ही ठिकाणी लेखी परीक्षेत ती पुढे होती आणि तिन्ही ठिकाणी मुलाखतीत मागे पडली. मुलाखतीत काय विचारले, असे मी विचारले. ती म्हणाली, “मूळ गाव कोणते, वडील काय करतात, घरी कोण कोण शिकलेले आहे, एवढेच विचारले. कामाबद्दल फारसे काही नाही.” मग थोडे थांबून म्हणाली, “बाई, माझ्यातच काही उणे असेल. माझे इंग्रजी तेवढे बरे नाही.”

मी तिला सहज विचारले, आपल्या मुलांना अशा ठिकाणी डावलले जाते असे तुला वाटत नाही का? ती तत्काळ म्हणाली, “वाटते ना. आपल्या लोकांवर अन्याय होतोच. पण माझ्या बाबतीत तसे नसावे.”

ही गाडी आली, ती गाडी गेली. मी मात्र त्या एका वाक्यापाशी थांबून राहिले. समाजावर अन्याय होतो हे मान्य, पण माझ्यावर झाला हे अमान्य! मग तो अन्याय नेमका होतो तरी कुणावर? समाज हा अखेर अशाच एकेका मुलीचा, एकेका मुलाचा बनलेला असतो. प्रत्येक जण ‘माझ्या बाबतीत नाही’ असे म्हणू लागला, तर अन्याय पुस्तकात उरतो आणि माणसांतून नाहीसा होतो. अर्थात तो नाहीसा झालेला नसतो. तो केवळ दिसेनासा झालेला असतो.

मग माझे मलाच आठवले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत अंबरनाथला मी भाड्याचे घर पाहत होते. घरमालकीणबाईंनी घर दाखविले, चहा दिला, भाडे ठरले. जाता जाता त्यांनी पूर्ण नाव विचारले. मी सांगितले. “म्हणजे कोण तुम्ही?” मी तेही सांगितले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की घर आदल्याच दिवशी दुसऱ्या कुणाला दिले गेले आहे. त्यानंतर कित्येक वर्षे मी स्वतःला सांगत होते, की मला पोहोचायला उशीर झाला. इतिहासात एम. ए. केलेली, चौदा एप्रिलला व्यासपीठावरून भाषणे देणारी मी! त्या मुलीला मी काय म्हणून दोष देणार?

ही केवळ आपली दुर्बलता आहे असेही नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यूटन या गावी फे क्रॉस्बी या मानसशास्त्रज्ञ विदुषीने नोकरदार स्त्रियांचा अभ्यास केला. तो १९८२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. समान दर्जाचे काम करणाऱ्या पुरुषांपेक्षा त्या स्त्रियांना कमी वेतन मिळत होते. देशात स्त्रियांवर अन्याय होतो हे त्या स्त्रिया निःसंदिग्धपणे सांगत. परंतु स्वतःच्या नोकरीविषयी विचारले की त्यांची तक्रार नसे. अन्याय इतर स्त्रियांवर होतो, माझ्यावर नाही, असे त्यांतील बहुतेकींचे म्हणणे होते. आपल्या पुलावरच्या मुलीचे आणि त्या गोऱ्या स्त्रियांचे वाक्य एकच होते.

असे का होत असावे? मेल्विन लर्नर या अभ्यासकाने त्याची एक उकल मांडली आहे. जग मुळात न्याय्य आहे, ज्याला जे मिळते ते त्याच्या योग्यतेप्रमाणे मिळते, असे मानण्याची माणसाला खोल गरज असते. असे मानले म्हणजे जग भरवशाचे वाटते. कष्ट केले तर फळ मिळेल अशी हमी वाटते. पण या समजुतीची किंमत कुणीतरी चुकवावी लागते. जगच न्याय्य असेल, तर ज्याच्या वाट्याला दुःख आले त्याचीच काहीतरी चूक असली पाहिजे, हा निष्कर्ष ओघानेच येतो. पाहणारा तो निष्कर्ष दुसऱ्याविषयी काढतो. भोगणारा तोच निष्कर्ष स्वतःविषयी काढतो.

आपल्या देशाला हे सांगण्यासाठी कुणा परदेशी अभ्यासकाची आवश्यकता नव्हती. जग न्याय्य आहे ही समजूत येथे धर्मसिद्धांत होऊन बसली होती आणि तिचे नाव पूर्वजन्मीचे कर्म असे होते. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा यांच्या काही अभंगांत विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न विचारलेला आहे. पण काही अभंगांत ते आपल्या हीन मानल्या गेलेल्या जन्माचे कारण पूर्वजन्मीच्या दोषात शोधतात. ज्या देवळाची पायरी चढू दिली नाही त्या देवळाला दोष न देता स्वतःच्या मागच्या जन्माला दोष देणे, याहून मोठी शोकांतिका कोणती? बाबासाहेबांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला अस्पृश्यांविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला, तो याच वेदनेच्या जाणिवेतून, असे मला वाटते. चोखोबांचा पुत्र कर्ममेळा मात्र अभंगांतून देवालाच जाब विचारताना दिसतो. एका पिढीत प्रश्नाची दिशा बदलली. पुढे १८५५ मध्ये फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तेव्हा तिने पूर्वजन्माचा आधार घेतला नाही. उघड्यावर बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे दुःख तिने लिहिले आणि त्याचे कारण या जन्मातील माणसांच्या वागणुकीत दाखविले. शाळेने काय करावयाचे असते, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत सुंदर उदाहरण हेच आहे.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेब पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताची परखड तपासणी करतात. गरीब आणि हीन-दीन लोकांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी, याखेरीज अशा सिद्धांताचा दुसरा हेतू संभवत नाही, असा त्यांचा आशय आहे. १९५६ च्या दीक्षेने आपण जे सोडले त्यात देवदेवता होत्या, तसाच हा सिद्धांतही होता. निदान तो सोडल्याचे आपण जाहीर केले.

येथे मला स्वतःकडे आणि आपल्या शाळांकडे बोट दाखवावे लागते. पूर्वजन्माचे कर्म आपण दारातून बाहेर काढले, पण तेच नव्या कपड्यांत खिडकीतून आत आले नाही ना? त्याचे आजचे नाव मेरिट. ‘मेहनत करा, फळ मिळणारच’, ‘गुणवत्तेला कुणी अडवू शकत नाही’, ‘यशस्वी झाला नाहीत तर समजा कष्ट कमी पडले’ — ही वाक्ये मी स्वतः प्रार्थनेनंतरच्या भाषणांत शेकडो वेळा उच्चारली आहेत. हेतू चांगला होता. पण मागच्या जन्माच्या जागी दहावीचे वर्ष ठेवले एवढाच फरक झाला. दोष पुन्हा भोगणाऱ्याचाच राहिला. पुलावर ती मुलगी ‘माझ्यातच काही उणे असेल’ म्हणाली, तेव्हा ती माझाच धडा मला म्हणून दाखवीत होती.

ब्रेंडा मेजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन या बाबतीत फार बोलके आहे. कष्टाने कुणीही वर जाऊ शकतो, ही समजूत माणसाच्या मनात किती घट्ट आहे हे त्यांनी मोजले आणि मग नकार मिळाल्यावर तो त्याचा अर्थ कसा लावतो हे पाहिले. समाजात खालचे स्थान असलेल्या गटांत ही समजूत जितकी घट्ट, तितके ‘माझ्यावर भेदभाव झाला’ असे म्हणण्याचे प्रमाण कमी आढळले. वरचे स्थान असलेल्या गटांत मात्र नेमके उलट आढळले. समजूत जितकी घट्ट, तितकी ‘माझ्यावरच अन्याय झाला’ ही भावना अधिक. एकच समजूत एकाला गप्प करते आणि दुसऱ्याला संतप्त करते. हे वाचताना मला आपल्याकडील प्रवेशप्रक्रियेचे दिवस आठवले. प्रवेश हुकलेला आपला मुलगा घरी येऊन मान खाली घालून बसतो. प्रवेश हुकलेला शेजारचा मुलगा, आपल्याहून कमी गुण असलेल्या कितीतरी जणांनी देणगी भरून जागा घेतल्या हे पाहत असूनही, ‘आरक्षणाने माझी जागा घेतली’ असे ठामपणे म्हणतो. दोघांनाही गुणवत्तेचा एकच मंत्र शिकविलेला असतो.

आपल्या परिसराचा इतिहास या संदर्भात मुलांना अवश्य शिकवावा. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांना आसरा देण्यात आला. १९४९ मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. पाच कॅम्पांच्या बराकींतून त्या बांधवांनी जो व्यापार-उद्योग उभा केला त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या आदराबरोबर एक गोष्टही लक्षात ठेवली पाहिजे. घरदार गमावून आलेल्या त्या माणसांना कुणी ‘तुमच्या पूर्वजन्मीचे पाप’ असे म्हटले नाही. त्यांचे दुःख इतिहासाने दिलेले आहे हे देशाने मान्य केले. त्यांच्यासाठी पुनर्वसनाचे खाते निघाले, १९५४ मध्ये नुकसानभरपाईचा व पुनर्वसनाचा कायदा झाला. हे सर्व अत्यंत योग्य झाले. त्यांच्या कष्टांना त्यामुळे कमीपणा आला असे कुणी म्हणत नाही आणि म्हणूही नये. मग त्याच शहराच्या कडेला, नाल्याकाठच्या वस्तीत राहणाऱ्या माणसाला शिष्यवृत्ती किंवा आरक्षण मिळाले, की त्याच्या गुणवत्तेविषयी शंका का घेतली जाते? एकाचे दुःख घडलेले मानले गेले आणि दुसऱ्याचे दुःख त्याच्या ठायीचे मानले गेले. न्यायाविषयीची समजूत माणसाची नजर कशी वळविते, हे याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण मला आपल्या तालुक्यात दिसत नाही.

दुसरे उदाहरण बदलापूरचे. मे १९२७ मध्ये बदलापूर येथील शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षपद बाबासाहेबांनी भूषविले होते. बदलापूरकरांना याचा अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे. पण दिनदर्शिका थोडी मागे उलटून पाहावी. त्याच वर्षीच्या २० मार्च रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओंजळीत घेतले होते. त्यानंतर सत्याग्रहींना मारहाण झाली आणि ते तळे शेण-गोमूत्राने ‘शुद्ध’ करण्यात आले. दीड महिन्याच्या अंतराने त्याच माणसाला एका गावात अध्यक्षपदाची खुर्ची मिळते. म्हणून एखाद्याला मान मिळाला याचा अर्थ भेद संपला असा होत नाही. आपल्यातील एखादा अधिकारी झाला, एखादीला सोसायटीत घर मिळाले, की ‘आता कुठे राहिले आहे तसे काही’ असे आपणच म्हणू लागतो. महाड आणि बदलापूर ही दोन नावे अशा वेळी एकत्र आठवावीत.

स्वतः बाबासाहेबही या अनुभवातून गेले आहेत. आपल्या आत्मकथनपर लेखनात त्यांनी कबूल केले आहे, की परदेशातील शिक्षणाच्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर रुजू होण्यास गेले, तेव्हा राहावयाचे कुठे, हा प्रश्न प्रथम उभा राहिला. पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात येऊन उभा राहिला आणि त्यांना बाहेर काढण्यात आले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या त्या तरुणाला आपली योग्यता कमी पडली असे वाटून घेणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. गोरेगावच्या वाटेवरचा १९०१ चा बैलगाडीचा प्रवास, बडोदा, १९२९ चे चाळीसगाव, १९३४ चा दौलताबादचा किल्ला — एकेक प्रसंग त्यांनी स्थळ-काळासह नोंदवून ठेवला. रडगाणे गाण्यासाठी त्यांनी ते लिहिले नाही. त्यांनी पुरावा जमा केला.

पुरावा हा शब्द मी मुद्दाम वापरला. एका मुलाखतीवरून, एका नकारावरून भेदभाव सिद्ध होत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. त्या मुलीचे इंग्रजी खरोखरच कमी पडले असेल. मला घर दाखविणाऱ्या बाईंनी घर खरोखरच आधी कुणाला दिले असेल. प्रत्येक सुट्या प्रसंगाला एक सभ्य कारण असतेच. सत्य दिसते ते अनेक प्रसंग एकत्र मांडल्यावर. सुखदेव थोरात आणि पॉल अट्टेवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच केले. वृत्तपत्रांतील ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठविले. पात्रता सारखीच, भिन्न होती ती फक्त नावे : उच्चवर्णीय, दलित आणि मुस्लिम. समान पात्रतेच्या उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची संभाव्यता सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश निघाली. त्यांतील कोणत्याही एका अर्जदाराला, आपल्याला पत्र का आले नाही, हे कधीही कळले नसते. तो घरी बसून इंग्रजीची उजळणी करीत राहिला असता. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेल्या थोरातसरांनी हा हिशेब मांडला, हेही आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि पालकांनी तो घ्यावाच. मुलांना हे सांगितले तर ती खचतील, अभ्यास सोडतील, प्रत्येक अपयशाला जातीचे कारण देतील. ही भीती अनाठायी नाही. गणिताचा सराव न करता नापास झालेल्या मुलाने जातीची सबब पुढे केली, तर त्याला मी तसे करू देणार नाही. सर्व दोष माझा, हे एक टोक. सर्व दोष जगाचा, हे दुसरे टोक. दोन्ही टोकांवर विचार करण्याची गरज उरत नाही, म्हणून दोन्ही सोयीची आहेत. तथागतांनी सांगितलेली सम्यक दृष्टी म्हणजे कारण जसे आहे तसे पाहणे. इंग्रजी कच्चे असेल तर ते पक्के करावे, आणि वडिलांचा व्यवसाय विचारून निवड होत असेल तर तेही ओळखावे. ही दोन कामे एकाच मुलीला एकाच दिवशी करता येतात. माझा अनुभव असा, की ज्या मुलांना या दोहोंतील भेद कळतो ती खचत नाहीत. खचतात ती, ज्यांना आपण जग न्याय्य असल्याचे सांगून पाठविलेले असते.

म्हणून या निमित्ताने शाळेपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे दोन सूचना ठेवते. पहिली, दरवर्षी स्नेहसंमेलनाला येणाऱ्या यशस्वी माजी विद्यार्थ्यांनी मुलांना केवळ आपले यश सांगू नये. कुठे अडविले गेलो, तेव्हा काय वाटले, स्वतःलाच दोष दिला का, आणि मग कुणाची मदत घेतली, हेही सांगावे. दुसरी, माजी विद्यार्थी संघाने एक नोंदवही ठेवावी. घर नाकारले गेले, मुलाखतीत आडनाव किंवा गाव विचारले गेले, महाविद्यालयात टोमणा मिळाला, की दिनांक, ठिकाण, विचारलेला प्रश्न आणि मिळालेले उत्तर एवढेच लिहावे. कुणावर आरोप नको, निष्कर्ष नको. एका नोंदीने काही सिद्ध होणार नाही. शंभर नोंदी एकत्र झाल्या की त्या स्वतः बोलू लागतील, आणि कायद्याचा आधार घेण्याची वेळ आली तर त्याच उपयोगी पडतील. संघटित होणे म्हणजे केवळ मोर्चात जमणे नव्हे. आपापल्या घरी एकट्याने गिळलेले प्रसंग एकत्र आणणे, हेही संघटनच आहे.

त्या मुलीला पुढे नोकरी मिळाली. मधल्या काळात तिने इंग्रजीही सुधारले. अलीकडे ती वसतिगृहातील दहावीच्या मुलींशी बोलायला आली होती. एका मुलीने विचारले, “ताई, खूप अभ्यास केला तर नक्की नोकरी मिळते ना?” मी मागच्या बाकावर बसून, ती काय उत्तर देते याची वाट पाहत होते. ती म्हणाली, “अभ्यास केल्याशिवाय मिळत नाही. अभ्यास केल्यावरही कधी कधी देत नाहीत. तेव्हा आधी स्वतःची उत्तरपत्रिका तपासायची आणि मग तपासणाऱ्याचीही.” मला अठ्ठावीस वर्षांत जे नीट सांगता आले नाही, ते तिने दोन मिनिटांत सांगितले.

नमो बुद्धाय. जयभीम.